आधी कोण उतरलं

लग्न होऊन मी पंचवटीतून या गावी आले तेव्हा इथे सगळ्यांना घाई होती. पंचवटीत गर्दी खूप, पण तिथल्या माणसाला रिक्षावाल्याशी भांडायलाही निवांत वेळ असतो. दिंडोरीकडच्या या छोट्या गावात द्राक्षं आली होती आणि द्राक्षांबरोबर घाई आली होती. दिवस उजाडायच्या आत फवारणीचे ट्रॅक्टर सुरू व्हायचे. बागेत माल तयार झाला की पिकअप गाड्या आमच्या अरुंद गल्लीतून अंगावर आल्यासारख्या निघायच्या आणि म्हाताऱ्या माणसांना भिंतीला चिकटून उभं राहावं लागायचं. शेजारणीकडे विरजण मागायला गेलं तरी ती दारातच उभी राहून, "पटकन सांग," म्हणायची.

आमच्या घरात दोन भाऊ. माझा नवरा धाकटा. तो नाशिकला कंपनीत कामाला होता आणि रोज एसटीने जायचा-यायचा. थोरले दीर, म्हणजे भाऊजी, गावातच मोटारी रिवाइंड करायचे. बोअरची मोटार जळाली की शेतकरी त्यांच्याकडे यायचा. भाऊजी लोखंडी तिवई आणि चेन-पुली घेऊन मळ्यात जायचे, मोटार वर काढायचे, तांब्याची तार नव्याने गुंडाळून परत खाली सोडायचे. त्यांच्या बायकोला मी जाऊबाई म्हणायला हवं होतं, पण नवरा वहिनी म्हणायचा, म्हणून मीही वहिनीच म्हणायला लागले. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या बोलायच्या कमी. मी आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं शिलाई मशीन माडीवरच्या खिडकीशी लावून दिलं आणि म्हणाल्या, "इथे उजेड चांगला आहे. खाली लोक बोलावत राहतात, वर बसलीस की काम होईल."

गाव बदलायचं वेड भाऊजींना कुठल्या पुस्तकातून लागलं नव्हतं. ते मोटारींतून लागलं. जेवताना ते एकदा म्हणाले, "अमक्याच्या बोअरला गेल्या साली जेवढे पाइप होते, तेवढ्यात आता नुसती हवा लागते. दर वर्षी मी पाइप वाढवतो आणि लोक मला चहा पाजतात. हे किती दिवस चालणार?"

माझा नवरा हसून म्हणाला, "चालेल तितके दिवस. तुझा धंदा तर वाढतोय."

"धंदा वाढतोय म्हणूनच भीती वाटते," भाऊजी म्हणाले.

त्यांनी सुरुवात केली ती गावाच्या जुन्या विहिरीपासून. तिच्यात कचरा टाकायची सवय लागली होती. ते एकटेच गाळ काढायला लागले. आधी लोकांनी वेडा म्हटलं. मग शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर त्यांच्या जोडीला आले. मास्तरांना बोलता यायचं आणि भाऊजींना काम यायचं, अशी ती जोडी होती. दोन पावसाळ्यांनंतर विहिरीला एप्रिलपर्यंत पाणी टिकलं आणि मग लोक ऐकायला लागले. गावठाणात नवी बोअर घ्यायची नाही असं ठरलं. सोमवारच्या बाजारात गाड्या आत आणायच्या नाहीत असं ठरलं. त्यावरून बरीच भांडणं झाली, एका टेम्पोवाल्याने मास्तरांची कॉलर धरली, पण नियम राहिला. लग्नाच्या पंगतीला प्लास्टिकच्या ताटांऐवजी पुन्हा पळसाच्या पत्रावळी आल्या. बाजारासाठी कापडी पिशव्या मी शिवायचे. माझ्या मशीनला तेव्हा उसंत नव्हती.

या सगळ्यात बायकांना सगळ्यात जवळचं वाटलं ते गोबरगॅसचं. गॅसच्या सिलिंडरला नंबर लावून वाट बघावी लागायची, रॉकेल मिळायचं नाही, आणि लाकडाच्या धुराने डोळे गेलेल्या बायका गल्लीत दोन-तीन तरी होत्या. आमच्या घरामागे मोकळी जागा होती. तिथे भाऊजींनी गल्लीतल्या सगळ्यांच्या गाई-म्हशींसाठी एक सामाईक गोठा उभा केला आणि गोठ्यामागे विहिरीसारखा खोल खड्डा बांधून घेतला. त्यात शेण कालवून सोडायचं, वर लोखंडी टाकी तरंगायची, आणि टाकीत साठलेला गॅस पाइपाने घराघरांत जायचा. पहिल्यांदा शेगडी पेटली तेव्हा सासूबाईंनी निळ्या ज्योतीला हळदकुंकू वाहिलं होतं. माझा नवरा एरवी भावाच्या प्रत्येक गोष्टीला नाक मुरडायचा. तोही त्या दिवशी शेगडीसमोर पाटावर बसून राहिला.

गोठा सांभाळायला सुरगाण्याकडचं एक जोडपं ठेवलं होतं. ती दोघं आधी द्राक्षाच्या हंगामाला आली होती. डोंगरात भात आणि नागली निघाली की पुढे खायला उरत नाही. मग ती माणसं जीपमध्ये बसून इकडे येतात. त्याला ती 'जगायला जाणं' म्हणतात. हंगाम संपल्यावर ही दोघं भाऊजींच्या सांगण्यावरून राहिली. तो गुरं बघायचा आणि ती रोज सकाळी हातानं शेण कालवून नळीत सोडायची. दोघांना नावं होती, पण गल्लीत ती कुणी घेत नसे. तो 'गोठ्यावरचा' आणि ती 'गोठ्यावरची'. डोंगराकडची माणसं लहानमोठं बघत नाहीत, सगळ्यांनाच अरे-तुरे करतात. तो भाऊजींना "दादा, तू जेवला का?" असं विचारायचा. ते ऐकून आमच्या सासूबाईंचा जीव खालीवर व्हायचा. भाऊजींना ते आवडायचं. संध्याकाळी दोघं गोठ्याच्या दगडावर बसून बिडी ओढत गप्पा मारायचे. भाऊजी घरात जेवढं बोलत नसत तेवढं त्याच्याशी बोलायचे.

अशी काही वर्षं गेली. गावाचं नाव झालं. नाशिकहून, पुण्याहून लोक बघायला यायचे. 'निवांत गाव' असं कुणीतरी लिहिलं आणि मास्तरांनी ते कात्रण फ्रेम करून घेतलं. मला विचाराल तर गाव निवांत नव्हतं, पण माणसं एकमेकांच्या ओट्यावर बसायला लागली होती हे खरं. वीज जायची तेव्हा आधी लोक शिव्या द्यायचे. आता बाहेर बाजा टाकून बसायचे.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा टाकीला गंज चढला आणि गॅस कमी यायला लागला. भाकरीचा शेवटचा उंडा थापेपर्यंत शेगडी विझायची. भाऊजी म्हणाले, खाली गाळ घट्ट बसलाय, खड्डा एकदा रिकामा करायला हवा. उन्हाळ्यात द्राक्षांची गडबड संपल्यावर त्यांनी तीच मोटारी काढायची तिवई उभी केली, चेन-पुलीने टाकी उचलून बाजूला ठेवली आणि ती घासून तांबड्या रंगाने रंगवायला घेतली. खड्डा बरेच दिवस उघडाच होता. वरची पातळ मळी बादल्यांनी काढून झाली. खाली गाळाचा जाड थर राहिला, तो बादलीत येईना.

त्या दिवशी सकाळी मी माडीवर मशीनशी बसले होते. ब्लाउजची बाही लावत होते. खिडकीतून खाली खड्डा, तिवई आणि ती दोघं सरळ दिसत होती. गोठ्यावरची बाजूला शेणाचं घमेलं घेऊन उभी होती. वहिनी स्वयंपाकघरात होत्या.

"दादा, तू नको उतरू," गोठ्यावरचा म्हणाला. "मी जातो."

"गॅस केव्हाच उडून गेला. इतके दिवस उघडं आहे," भाऊजी म्हणाले. "खाली नळीचं तोंड कुठं बुजलंय ते तुला कळणार नाही. मी बघून येतो. तू बादली धर."

त्यांनी धोतराचा काचा मारावा तशी लुंगी वर खोचली, शिडी सोडली आणि हातात पहार घेऊन उतरले. मला त्यांचं डोकं दिसत होतं, मग फक्त पाठ. त्यांनी गाळात पहार मारली. दुसऱ्यांदा मारली. मग ते खाली बसले. मला वाटलं, वाकून काही बघतायत.

"दादा," वरून हाक आली. "ए दादा."

उत्तर आलं नाही. गोठ्यावरच्याने पुन्हा हाक मारली नाही, सरळ शिडीला पाय लावला. त्याच्या बायकोने घमेलं टाकून त्याचा हात धरला. ती काहीतरी ओरडली, त्यांच्या बोलीत. त्याने हात झटकला आणि म्हणाला, "दादा आत आहा." एवढंच. तो भराभर उतरला. त्याने भाऊजींच्या काखेत हात घालून त्यांना उचललं. मी स्वतः पाहिलं, त्याने त्यांना शिडीपर्यंत आणलं. भाऊजींचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं. मग त्याचेही गुडघे वाकले.

मी जिना कसा उतरले ते आठवत नाही. मागच्या दारात पोचले तेव्हा वहिनी माझ्या आधी पोचल्या होत्या. माझ्या ओरडण्याने त्या पिठाच्या हातांनी धावत आल्या होत्या. त्यांनी आत पाहिलं आणि शिडीला हात लावला. त्यांचा एक पाय पहिल्या पायरीवर गेलासुद्धा. तेवढ्यात गोठ्यावरचीने त्यांना मागून कमरेला धरून ओढलं. दोघी जमिनीवर पडल्या. वहिनी सुटायला धडपडत होत्या, तिला बोचकारत होत्या. ती त्यांच्या अंगावर पडून राहिली. तिने सोडलं नाही. स्वतःच्या नवऱ्याकडे पाठ करून ती वहिनींना जमिनीला दाबून धरून होती आणि मोठ्याने रडत होती.

गल्लीतले पुरुष धावत आले. कुणीतरी ओरडलं, "कुणी उतरू नका, वाफ आहे." गळ टाकून, दोर टाकून दोघांना वर काढलं. तिवई तिथेच उभी होती, तीच उपयोगाला आली. द्राक्षाच्या पिकअपमध्ये घालून दोघांना नाशिकला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे फक्त दोघं गेल्याचा कागद झाला.

पोलिसांनी मेलेल्यांची नावं विचारली. गोठ्यावरच्याच्या वडिलांचं नाव गल्लीत कुणालाच सांगता येईना. त्याच्या बायकोला विचारायला हवं, असं सुचायलाही थोडा वेळ लागला.

भाऊजींच्या अंत्ययात्रेला गाव बंद होतं. शाळा सोडली होती. सोमवार नसतानाही रस्त्यात एक गाडी नव्हती. गोठ्यावरच्याला त्याच संध्याकाळी एका जीपमध्ये घालून सुरगाण्याकडे पाठवलं. बरोबर त्याची बायको आणि द्राक्षबागेत काम करणारे तिच्या गावचे दोन पुरुष. मी तिला दाराशी पाणी दिलं. ती प्यायली नाही, पेल्यातलं पाणी हातावर घेऊन तिने नवऱ्याच्या तोंडावरची मळी पुसली. जीप निघाली तेव्हा आमच्या घरात माणसं मावत नव्हती, म्हणून तिला निरोप द्यायला मी एकटीच बाहेर होते.

दहाव्याच्या दिवशी नदीवर मास्तर बोलले. त्यांचा आवाज फुटत होता, ते खरोखर रडत होते. ते म्हणाले, "आपल्या गड्याचा जीव वाचवण्यासाठी या माणसाने मागचापुढचा विचार न करता खड्ड्यात उडी घेतली. असा माणूस या गावाला पुन्हा मिळणार नाही."

बायकांच्या घोळक्यात वहिनी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोलिसांना सगळं सांगितलं होतं, आल्यागेल्यालाही तसंच सांगत होते. तरी हे कुठून आलं?

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांच्या घरी गेले. "मास्तर, तुम्ही उलटं सांगितलंत," मी म्हटलं. "आधी भाऊजी उतरले. तो त्यांना काढायला उतरला."

मास्तरांनी चष्मा काढला. "पोरी, त्या गडबडीत कुणाला काय दिसलं असेल, देव जाणे."

"मी वरून बघत होते. गडबड नंतर झाली."

त्यांनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाले, "गल्लीतल्या बायका काय म्हणतायत ऐकलंस ना? हा खड्डा बुजवा म्हणतायत. सिलिंडर आणू म्हणतायत. आज खड्डा बुजवला की उद्या बाजारात गाड्या येतील, परवा बोअर सुरू होतील. त्याने केलेलं सगळं वाहून जाईल. लोकांना काहीतरी धरायला लागतं."

"मग जे घडलं ते का नाही धरता येत?"

"त्याने स्वतःच्या चुकीने जीव घालवला आणि दुसऱ्याचाही घेतला, असं सांगू का लोकांना?"

 मी घरी येऊन वहिनींना सगळं सांगितलं. त्या गहू निवडत होत्या. "चूकच झाली त्यांची," त्या म्हणाल्या. "चूक झाली म्हटलं म्हणून ते वाईट होतात का?" मग सूप बाजूला ठेवून त्या पहिल्यांदा माझ्यासमोर रडल्या.

खड्डा बुजवला नाही. मास्तरांचं खरं ठरलं. त्यांच्या त्या गोष्टीने लोक थांबले. उरलेला गाळ पाणी मारून पातळ करून वरूनच काढला, जे आधीच करता आलं असतं. नवी टाकी बसली. गल्लीत शेगड्या पुन्हा पेटल्या, आणि आधीपेक्षा चांगल्या पेटल्या. आमच्या स्वयंपाकघरात मात्र वहिनींनी पाइपाची चावी बंद केली. त्या रॉकेलच्या स्टोव्हवर रांधायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, "लोक काय म्हणतील, याच घरचा गॅस आणि याच घरात पेटत नाही." वहिनींनी स्टोव्हला पंप मारला. एकदा त्या तापाने पडल्या असताना मी चहासाठी शेगडी पेटवली. त्या अंथरुणातून उठून आल्या, ज्योतीकडे पाहत दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तू पी. मला नको." त्यानंतर मीही पेटवली नाही.

वर्षश्राद्धाला गावाची ही कामं बघणाऱ्या समितीने कार्यक्रम ठेवला. गोठ्याच्या दाराशी फलक लावला होता. त्यावर भाऊजींचं नाव मोठ्या अक्षरांत आणि खाली बारीक अक्षरांत 'आणि त्यांचा सहकारी'. आधी तेवढंही नव्हतं, वहिनींनी त्याचं पूर्ण नाव लिहून पाठवलं होतं, त्याचं हे झालं. फलक पुरा पडला नाही असं रंगाऱ्याने सांगितलं म्हणे. मास्तरांनी पुन्हा तीच गोष्ट सांगितली. टाळ्या झाल्या. वहिनींना दोन शब्द बोला असं म्हटलं, ते रिवाजापुरतं. त्या बोलणार नाहीत असं सगळ्यांनी धरलं होतं. वहिनी उठल्या. माईकची त्यांना सवय नव्हती, त्या त्याच्यापासून लांबच उभ्या राहिल्या.

"आमचे हे आधी उतरले," त्या म्हणाल्या. "तो त्यांना काढायला उतरला. त्याच्या बायकोने मला धरलं म्हणून मी इथे उभी आहे. एवढंच सांगायचं होतं."

मागच्या रांगेतल्यांना ऐकू गेलं नसेल, पण पुढच्यांना नक्की गेलं.  एक बाई उठून वहिनींना हाताला धरून खुर्चीवर बसवायला आली, त्या चक्कर येऊन काहीतरी बोलल्यासारखं. तेवढ्यात चहा आला. त्यानंतर जे पाहुणे बोलायला उठले ते नाशिकहून आले होते. त्यांनी सुरुवात केली, "एका गरीब मजुरासाठी स्वतःच्या प्राणांची आहुती देणाऱ्या..."

माझा नवरा माझ्या शेजारी होता. भाऊ गेल्यापासून त्याने कंपनीतून आल्यावर गोठ्याकडे जाणं सोडलं होतं. तो पटकन उठला आणि कार्यक्रम सुरू असतानाच निघून गेला. घरी गेलो तेव्हा तो अंधारात बसला होता. "मला ती खोटी गोष्ट बरी वाटते," तो म्हणाला. "हेच तर वाईट आहे."

त्या पावसाळ्यानंतर वहिनी म्हणाल्या, "मला तिच्याकडे जायचंय. येशील?" वणीपर्यंत आम्ही एसटीने गेलो, पुढे जीपने. जीपमध्ये आत माणसं आणि टपावरही माणसं. उतरल्यावर बरंच चालावं लागलं. भात कापून झाला होता. खोपटाच्या अंगणात गोठ्यावरची नागली झोडपत होती. आम्हाला बघून ती थांबली, पण उठली नाही. तिची सासू आतून बाहेर आली, बघून परत आत गेली.

वहिनींनी नेलेलं लुगडं आणि गूळ ओट्यावर ठेवला. 

"मी सगळ्यांसमोर सांगितलं," वहिनी म्हणाल्या. "तो यांना काढायला उतरला होता, असं."

"मग?"

"कुणी ऐकलं नाही."

गोठ्यावरचीने हातातली काठी खाली ठेवली. "तू सांगितलं ते बरं केलं," ती म्हणाली. "पण सांगून काय व्हईल? इथं समद्यांना ठावं हाय तो कशाला उतरला. तुमच्याकडं ठावं नाय, तर ते तुमचं तुमी बघा."

वहिनींनी मान खाली घातली. "तू मला का धरलंस?" त्यांनी विचारलं. मला वाटतं, एवढं विचारायलाच त्या तिथवर आल्या होत्या.

तिने स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. तळहाताला नागलीचं भूस चिकटलं होतं.

"त्याचा हात निसटला," ती म्हणाली. "म्हणून तुला घट्ट धरलं. लय राग आला व्हता मला. तुझा नाय. त्याचा. दादा आत आहा म्हणला न् गेला. मी भाईर हाय, ते त्याला दिसलं नाय."

वहिनी तिच्या शेजारी जाऊन बसल्या. तिने त्यांना जवळही घेतलं नाही आणि दूरही लोटलं नाही. थोड्या वेळाने ती पुन्हा नागली झोडपायला लागली, आणि वहिनी पडलेले दाणे हातानं एका बाजूला सारायला लागल्या. दुपारी तिच्या सासूने आम्हाला भाकर आणि उडदाचं बेसन दिलं. निघताना वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे ये. गोठ्यावर नाही. माझ्याकडे." ती म्हणाली, "त्या गावात नाय येणार." गूळ तिने ठेवून घेतला. लुगडं परत दिलं.

ती पुढच्या हंगामाला जगायला गुजरातकडे गेली, असं नंतर कळलं.

त्यानंतरची काही वर्षं मी सरळ सांगू शकत नाही, कारण ती चांगली होती. गावाच्या विहिरीला मे महिन्यातही पाणी राहायला लागलं. वीज तासन्‌तास जायची तेव्हा आजूबाजूच्या गावांत बोंब व्हायची आणि आमच्या गल्लीत स्वयंपाक होत राहायचे. शाळेची खिचडी गोबरगॅसवर शिजायची. दोन-तीन बागायतदारांनी फवारण्या कमी केल्या. सोमवारच्या बाजारात म्हातारी माणसं रस्त्याच्या मधून चालायची. हे सगळं भाऊजींनी मागितलं होतं, आणि ते मिळालं होतं. वहिनी मागच्या दाराला कडी लावून त्याच गावात राहत होत्या. त्या दारापलीकडे रोज सकाळी कुणीतरी शेण कालवायचं, त्याचा वास फटीतून यायचा, आणि वहिनी तेवढा वेळ पुढच्या ओट्यावर येऊन बसायच्या. मी त्यांना एकदा म्हटलं, नाशिकला माझ्या माहेराजवळ खोली बघू. त्या म्हणाल्या, "मी गेले तर खरं कोण सांगेल?"

मग पुन्हा गॅस कमी यायला लागला. पुन्हा उन्हाळा, पुन्हा टाकी उचलली गेली. आता समितीत तरुण लोक होते. मास्तर थकले होते. या वेळी समितीने कुठल्याशा ठेकेदाराला काम दिलं. तो दोन मजूर घेऊन आला. दोघं पेठकडचे, तिशीच्या आतबाहेरचे. त्यांच्याकडे एक दोर आणि तोंडाला बांधायला दोन पंचे होते.

वहिनींनी कडी काढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या मागच्या दाराने बाहेर गेल्या, आणि खड्ड्याच्या काठावर, शिडी लावली होती तिथे, पाय आत सोडून बसल्या. ठेकेदार म्हणाला, "मावशी, बाजूला व्हा." त्या उठल्या नाहीत. समितीतला एकजण समजावायला आला. गॅस केव्हाच निघून गेलाय, म्हणाला.

"इतके दिवस उघडं आहे, असंच ना?" वहिनी म्हणाल्या.

दिवसभर त्या उन्हात बसून राहिल्या. मी छत्री धरून शेजारी होते. गल्लीत स्वयंपाक अडले होते आणि बायका दारांतून आमच्याकडे बघत होत्या. काही चिडल्या होत्या, एक तर मोठ्याने म्हणाली, "नवरा गेला तेव्हापासून हिचं डोकं फिरलंय." मजूर सावलीला बसून होते, त्यांची मजुरी बुडणार म्हणून तेही वैतागले होते. संध्याकाळी माझा नवरा कंपनीतून आला. त्याने वहिनींकडे पाहिलं, परत बाहेर गेला आणि फोन करत बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी नाशिकहून मळी ओढून घेणारा पंपाचा टँकर आला. जाड नळी खाली सोडली. कुणीही आत उतरलं नाही. टँकर भरेपर्यंत वहिनी तिथेच होत्या. मग उठताना त्यांचे पाय आखडले होते, आम्ही दोघांनी त्यांना उचलून आत आणलं.

त्यानंतर समितीने फलकाशेजारी सूचना लिहिली, खड्ड्यात कोणीही उतरू नये. ती मोठ्या अक्षरांत लिहिली. वरचा फलक मात्र होता तसाच राहिला.

परवाच्याच वर्षी विदर्भातल्या एका गावातले लोक आमचं गाव बघायला आले होते. त्यांना फिरवणारा समितीतला तरुण फलकासमोर थांबला आणि सांगायला लागला, की इथे एका माणसाने आपल्या मजुराला वाचवायला उडी घेतली. वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्या आता नीट ऐकू येत नाही म्हणतात, पण हे त्यांना ऐकू येतं. सूप मांडीवर ठेवूनच त्या म्हणाल्या, "आधी आमचे हे उतरले." त्या तरुणाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पाहुण्यांतले दोघं पुढे होऊन वहिनींच्या पाया पडले. एक बाई मात्र मागे राहिली. तिने वाकून विचारलं, "काय म्हणालात, आजी?"

वहिनींनी तिला ओट्यावर बसायला जागा करून दिली.